मुक्कामाची जागा

प्रवासाला निघालेला मनुष्य उतरण्याच्या जागेविषयीं बहुधा दोन प्रश्न विचारतो. पहिला, भाडें किती; दुसरा, सोयी कोणत्या. खोली वातानुकूलित आहे कीं नाहीं, स्नानगृह स्वतंत्र आहे कीं सामायिक, गादी कशी आहे, चहा खोलीवर येतो कीं खालीं जावें लागतें, ह्याची चौकशी तो मोठ्या बारकाईनें करतो. तिसरा प्रश्न मात्र अगदीं शेवटीं निघतो, आणि पुष्कळदां निघतच नाहीं. तो प्रश्न असा कीं, हें हॉटेल आहे कोठें? थंड हवेच्या ठिकाणीं हा विसर पडला तर फारसें बिघडत नाहीं. महाबळेश्वरास बिऱ्हाड बाजारापासून अर्धा कोस दूर पडलें, तर तेवढीच रपेट झाली असें म्हणून मनुष्य समाधान मानतो. वैशाखांत बारामतीस किंवा इंदापुरास गेलेल्या माणसाला मात्र हा विसर महागांत पडतो. तेथें अर्धा कोस सकाळीं सात वाजतां एक असतो आणि दुपारीं दोन वाजतां दुसराच असतो. सकाळचा अर्धा कोस पायांना कळतो; दुपारचा डोक्याला कळतो.

ह्या दोन तालुक्यांची भूमि प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. पुणें जिल्ह्याच्या आग्नेय टोंकाला ते आहेत. इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा, दोन्ही तालुक्यांच्या दक्षिणेस नीरा, आणि खुद्द बारामती शहरांतून वाहणारी कऱ्हा, अशा तीन नद्यांचीं नांवें येथें कानांवर पडतात. परंतु नद्यांच्या नांवांवरून पावसाचें अनुमान बांधूं नये. मोसमी ढग आपलें बहुतेक ओझें सह्याद्रीवर उतरवून ठेवतात आणि येथवर येतात ते जवळजवळ रिकाम्या हातीं. वर्षाकांठीं सरासरी ५०० मिलिमीटरांच्या आसपासच पाऊस होतो. एप्रिल आणि मे महिन्यांत पारा ४० अंशांपर्यंत व कधीं त्याच्याही वर चढतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत भाटघरचें धरण आणि नीरेचा डावा कालवा झाला, व त्या पाण्यानें कालव्याखालच्या शेतांत ऊंस उभा केला. उंसामागून कारखाने आले. माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर आणि वालचंदनगर हीं नांवें साखरेबरोबरच महाराष्ट्रभर गेलीं. कारखान्यांमागून बाजार, महाविद्यालयें, दवाखाने, औद्योगिक वसाहत असा पसारा वाढला. कालव्यानें शेतें हिरवीं केलीं. पण शहरांतील सिमेंटचीं छतें आणि डांबराचे रस्ते कांहीं त्यानें निवविले नाहींत. काम मोठें आणि ऊनही मोठें, अशी ह्या भागाची अवस्था आहे. आणि म्हणूनच येथें उतरावें कोठें हा प्रश्न चैनीचा न राहतां प्रकृतीचा होतो.

आणखी एक गैरसमज आरंभींच दूर केलेला बरा. बारामती-इंदापूर असा जोडउच्चार ऐकून परका मनुष्य हीं दोन गांवें शेजारीं शेजारीं असावींत असें समजतो. वस्तुतः दोहोंमध्यें सुमारें ५० किलोमीटरांचें अंतर आहे. इंदापूर पुणें-सोलापूर महामार्गावर आहे. बारामती त्या मार्गावर नाहीं. पुण्याकडून येणारा सामान्यतः पाटसजवळ किंवा भिगवणजवळ महामार्ग सोडून दक्षिणेकडे वळतो, तेव्हां बारामती येते. एका गांवीं काम आणि दुसऱ्या गांवीं मुक्काम, ही योजना कागदावर सुटसुटीत दिसते. गाळपाच्या हंगामांत उंसाच्या दोन दोन गाड्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरामागें अडकलें म्हणजे तिची किंमत कळते.

मुक्काम कोठें करावा हें शास्त्र ह्या प्रदेशाला नवीन नाहीं. हॉटेल हा शब्द येथें येण्यापूर्वींपासून हजारों माणसांचा मुक्काम येथें दरसाल बिनचूक पडत आला आहे. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज ह्यांनीं १६८५ मध्यें देहूहून पंढरपुरास पालखी नेण्याचा प्रघात सुरू केला. आषाढी वारीची ती पालखी पुणें, लोणी काळभोर, यवत, वरवंड अशा मजला करीत ह्या भागांत येते. पुढें उंडवडी, बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर आणि सराटी हे तिचे नेहमींचे मुक्काम. सराटीस नीरास्नान होतें आणि मग सोहळा अकलूजच्या वाटेला लागतो. हीं नांवें एकामागून एक वाचलीं तर त्यांत एक क्रम दिसतो. एका मुक्कामापासून दुसरा मुक्काम म्हाताऱ्या माणसालाही दिवसाउजेडीं पायीं गांठतां यावा, अशा बेतानें मजला पाडलेल्या आहेत. मध्यें दुपारचा विसावा आहे. बारामतीहून सणसरला जातांना काटेवाडीस पालखी थांबते, व तेथें मेंढ्यांचें रिंगण होतें. मुक्कामाच्या गांवीं एवढीं माणसें मावतील असें मोकळें मैदान असावें लागतें, पाणी असावें लागतें, आणि आल्यागेल्याला भाकरी घालील एवढी गांवाची ऐपत व दानत असावी लागते. दिंड्यांचें सामान वाहनांतून पुढें जातें. मंडळी पोंचतात तेव्हां राहुट्या उभ्या असतात. पाहुण्याच्या आधीं त्याची खोली सज्ज ठेवणाऱ्या मोठ्या हॉटेलालाही ह्याहून अधिक कांहीं करतां येत नाहीं. ह्या व्यवस्थेचें मर्म एका वाक्यांत सांगावयाचें तर असें कीं, मुक्काम आजच्या थकव्यासाठीं असतो, परंतु त्याची जागा उद्यांच्या वाटचालीवरून ठरते.

गांवांतील उतरण्याच्या जागाही काळाबरोबर बदलत गेल्या, त्या गांवाचें दार बदललें म्हणून. मोरोपंत पन्हाळ्याहून बारामतीस आले ते नाईकांच्या आश्रयाला, आणि १७९४ मध्यें देह ठेवीपर्यंत बारामतीकर होऊन राहिले. त्या काळीं परगांवच्या माणसाचा मुक्काम ओळखीवर ठरे; ओळख नसेल तर देऊळ किंवा धर्मशाळा. १९१४ मध्यें दौंडाहून बारामतीस आगगाडी आली आणि गांवाचें दार स्टेशनाकडे गेलें. १९४८ च्या जूनच्या १ तारखेस राज्य परिवहनाची पहिली मोटार पुणें-अहमदनगर मार्गावर धांवली. पुढें गांवोगांव एस. टी. चीं स्थानकें झालीं, व लॉज आणि खाणावळी त्यांच्या भोंवतीं जमल्या. आज मोठीं हॉटेलें दिसतात तीं रुंद रस्त्यांवर, औद्योगिक वसाहतीच्या वाटेला व महामार्गाच्या कडेला, कारण आजचा सधन प्रवासी स्वतःच्या मोटारींतून येतो. जमीन कोठें परवडेल, मोटारी कोठें उभ्या राहतील, पाटी कोठून दिसेल, ह्या हिशेबानें हॉटेलवाला आपली जागा निवडतो. त्याचा हिशेब चुकीचा नाहीं. पण तो हॉटेलवाल्याचा हिशेब आहे. प्रवाशानें आपला हिशेब आपण मांडला पाहिजे.

जागेचा विचार आणि थाटाचा विचार एकत्र कसा करावा, ह्याचें एक जुनें उदाहरण मुंबईंत आहे. ताजमहाल हॉटेल १९०३ सालच्या डिसेंबरांत उघडलें. गेट वे ऑफ इंडिया तेव्हां नव्हतें. तें १९२४ मध्यें पुरें झालें. ह्या हॉटेलाचें मूळ प्रवेशद्वार समुद्राच्या बाजूला नव्हतें, शहराच्या बाजूला होतें. त्यावरून, बांधणाऱ्यांनीं नकाशा उलटा धरला आणि इमारत पाठमोरी झाली, अशी एक दंतकथा पसरली. ती खरी नाहीं. घोड्यांच्या गाड्या यावयाच्या त्या शहराकडून, आणि वारा यावयाचा तो बंदराकडून, एवढें लक्षांत घेतलें म्हणजे त्या रचनेंत चूक न दिसतां शहाणपण दिसतें. दार गाड्यांकडे आणि खिडक्या वाऱ्याकडे, ह्याहून उष्ण शहरांतल्या मोठ्या हॉटेलाला दुसरें काय हवें? त्याच मुंबईंत क्रॉफर्ड मार्केटाजवळ सरदारगृह होतें. लोकमान्य टिळक मुंबईस आले म्हणजे तेथें उतरत, व १९२० च्या ऑगस्टच्या १ तारखेस त्यांनीं देह ठेवला तोही तेथेंच. सरदारगृहाला ताजचा थाट नव्हता. परंतु बोरीबंदर स्टेशन जवळ, बाजार जवळ, आणि भेटीला येणाऱ्या माणसाला पत्ता विचारावा लागत नसे. थाट निराळा असला तरी दोन्ही ठिकाणीं जागेची निवड अचूक होती. थाट मागाहून वाढवितां येतो. जागा मागाहून हलवितां येत नाहीं.

हें सर्व बारामतीच्या उन्हांत आणून पाहावें. एक प्रसंग कल्पावा. इंदापूर तालुक्यांतील खेड्यांतला एक म्हातारा शेतकरी बारामतीच्या दवाखान्यांत पडून आहे. त्याची बायको पासष्टीची. मुलगा नोकरीनिमित्त दूर असतो, तो धांवत आला आहे. आईची आबाळ होऊं नये म्हणून त्यानें दवाखान्यापासून सहा किलोमीटरांवरचें, बगीचा आणि पोहण्याचा तलाव असलेलें एक उत्तम हॉटेल घेतलें. हेतु चांगला होता. पैशाकडेही त्यानें पाहिलें नाहीं. आतां त्या खोलीचा हिशेब पाहावा. सकाळीं आई दवाखान्यांत जाते, दुपारीं स्नान व विसावा घेण्यासाठीं परत येते, चार वाजतां पुन्हां जाते, रात्रीं पुन्हां परत येते. दोन वेळां जाणें-येणें म्हणजे दिवसाकांठीं २४ किलोमीटर झाले, आणि त्यांतली एक फेरी ऐन दुपारची. मुलगा औषधांच्या मागें असला म्हणजे मोटार नाहीं, आणि दुपारीं दोन वाजतां रिक्षावाला गांवाबाहेर यावयास राजी नाहीं. दुसऱ्या दिवशीं म्हातारी म्हणते, “आरं, ऱ्हाऊ दे. मी हितंच पडते व्हरांड्यात.” ती तेथेंच पडते. व्हरांडा पश्चिमेचा, पत्रा तापलेला. तिसऱ्या दिवशीं तिला अन्न जात नाहीं, डोकें गरगरतें, आणि मुलाच्या पदरीं एकाऐवजीं दोन रोगी होतात. तिकडे सहा किलोमीटरांवर एक थंडगार खोली कुलूपबंद असते आणि तिचें भाडें चालू असतें.

त्याच मुलानें दवाखान्यापासून पांच मिनिटांच्या वाटेवर, रस्त्याला झाडांची सांवली असलेली, उत्तरेकडे खिडकी असलेली साधी खोली घेतली असती, तर आई दिवसांतून तीन वेळां पाठ टेकून आली असती. तलाव नसता, बगीचा नसता, झोप असती. आलिशान ह्या शब्दाचा अर्थ प्रत्येक प्रदेशांत निराळा असतो, कारण जी वस्तु दुर्मिळ तीच चैनीची. थंड मुलुखांत ऊब ही चैन आहे. बारामती-इंदापुरांत सांवली, पाणी आणि शांत झोप ह्या तीन चैनी आहेत, आणि त्यांत चौथी घालावयाची तर ती म्हणजे कामाची जागा जवळ असणें.

ह्याचा अर्थ गांवाबाहेरचें हॉटेल नेहमींच वाईट, असा मात्र नव्हे. जो विश्रांतीसाठींच आला, ज्याला दिवसभर कोठें जावयाचें नाहीं, ज्यानें मुलांना सुटीसाठीं आणलें आहे, त्यानें बाजारांत खोली घेऊन भोंगे ऐकत बसण्याचें कारण नाहीं. त्याला दूरची झाडी आणि शांतता हीच योग्य. लग्नाच्या वऱ्हाडाला कार्यालयाच्या भिंतीला भिंत लागून खोल्या मिळाल्या तर यजमानाचा जीव भांड्यांत पडतो; पण तींच खोली परीक्षेसाठीं आलेल्या विद्यार्थ्याला मिळाली तर वाजंत्र्यांपायीं त्याची रात्र जाते. खोली एकच, रात्र एकच, भाडेंही एकच. तरी एकाला ती वर आणि दुसऱ्याला शाप ठरते. जागा चांगली कीं वाईट हें त्या जागेवर नसतें. ज्या कामासाठीं मनुष्य आला त्या कामाशीं तिचें नातें कसें आहे, ह्यावर असतें.

बारामतींत उतरणाऱ्याचें काम साधारणपणें तीन अंगांपैकीं एका अंगाला असतें. जुनें गांव, पेठ, बाजार व कचेऱ्या ह्या एका बाजूला. भिगवणच्या रस्त्याला विद्यानगरींतील महाविद्यालयें, आणि त्या अंगालाच औद्योगिक वसाहत व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिसरें अंग नीरेच्या रस्त्याचें. तेथें माळेगांवाजवळ शारदानगरास कृषि विज्ञान केंद्र आहे, व शेतीचें प्रदर्शन पाहण्यास येणाऱ्या शेतकऱ्यांची तेथें मोठी रीघ लागते. दुसरें आणि तिसरें अंग शहराच्या दोन विरुद्ध टोंकांना आहे. महाविद्यालयांत मुलाचा प्रवेश करावयास आलेल्या बापानें नीरेच्या रस्त्याला उतरणें, किंवा प्रदर्शनाला आलेल्यानें औद्योगिक वसाहतींत उतरणें, म्हणजे रोज दोन वेळां अख्खें शहर ओलांडण्याचा वसा घेणें होय. मोरगांवच्या मयूरेश्वराला जाणारे पुष्कळ यात्रेकरू, मोरगांव बारामती तालुक्यांत आहे एवढ्यावरून, बारामतींत खोली घेतात. परंतु मोरगांव शहरापासून ३० किलोमीटरांहून अधिक दूर, पुण्याच्या बाजूला आहे. पुण्याहून येऊन पुण्यासच परतणाऱ्यानें ह्या मुक्कामानें काय साधलें, हें त्या गजाननालाच ठाऊक.

इंदापूरची गोष्ट निराळी आहे. तेथें महामार्ग हेंच गांवाचें मोठें दार. महामार्गालगतच्या हॉटेलांत मध्यरात्रीं जेवण मिळतें. मध्यरात्रीं झोप मिळेलच असें नाहीं, कारण मालमोटारींना रात्र नसते. सोलापूर, पंढरपूर किंवा पुढें हैदराबादेकडे जाणाऱ्या, पहांटे उठून निघावयाचें असलेल्या प्रवाशाला ही जागा सोयीची. त्यानें रस्त्याकडची खोली नाकारून मागच्या बाजूची मागून घ्यावी, एवढें पुरें. तहसील कचेरीचें, बाजार समितीचें किंवा सोयऱ्यांकडचें काम असणाऱ्यानें मात्र गांवांतच उतरावें. महामार्ग ओलांडणें हें दिसतें त्याहून अवघड काम आहे, विशेषतः मुलेंबाळें बरोबर असतां. नीरा-भीमेच्या संगमावरच्या नरसिंहपुरास जाणाऱ्यानें इंदापुरांत उतरावें, बारामतींत उतरूं नये. कारण नरसिंहपूर तालुक्याच्या अगदीं पूर्वेच्या टोंकाला आहे.

तिसरा मुक्काम भिगवणचा. भीमेवरचें उजनी धरण १९८० मध्यें पुरें झालें, आणि त्याच्या फुगवट्यानें इंदापूर तालुक्याची नदीकडची बाजू पालटली. जुनी गांवें पाण्याखालीं गेलीं. पळसदेवाचें प्राचीन देऊळ पाणी ओसरलें म्हणजे पुन्हां दिसतें. ह्या पाण्यावर हिवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, व ते पाहावयास पुण्या-मुंबईची मंडळी येतात. पक्षी दिसावयाचे ते सकाळच्या कोंवळ्या उन्हांत, मचव्यांतून. पुण्याच्या उत्तम हॉटेलांतून रात्रीं तीनला उठून निघणारा आणि कुंभारगांवांत कोळ्याच्या घरीं झोपून पहांटे दारांतूनच पाण्यावर जाणारा, ह्या दोघांपैकीं अधिक सुखी कोण, हें सांगावयास नको. तेथें आलिशान खोली म्हणजे पाण्याजवळची खोली.

गांव ठरलें, रस्ता ठरला, म्हणजे मग खोलीचा विचार. त्यांतही दिशा आधीं पाहावी, सजावट नंतर. पश्चिमेच्या भिंतीला दुपारपासून सूर्यास्तापर्यंत ऊन लागतें. ती भिंत रात्रीं दहापर्यंत हाताला गरम लागते. सर्वांत वरच्या मजल्याचें सिमेंटचें छत दिवसभर ऊन पितें आणि रात्रभर तें खालीं सोडतें. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि मातीचीं धाबीं हेंच ऊन अडवून धरीत. आजचें पातळ छत तें अडवूं शकत नाहीं. म्हणून उन्हाळ्यांत उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची, मधल्या मजल्यावरची खोली मागावी; पश्चिमेचा सूर्यास्त सुंदर दिसतो असें सांगून दिलेली खोली हंसून परत करावी. वातानुकूलन आहे कीं नाहीं एवढें विचारून भागत नाहीं. वीज गेल्यावर जनित्रावर तें यंत्र चालतें कीं केवळ दिवे लागतात, हें विचारावें. गच्चीवरच्या टांकींतलें पाणी मे महिन्यांत दुपारीं चार वाजतां इतकें तापलेलें असतें कीं थंड पाण्याच्या नळाखालींही हात धरवत नाहीं; तेव्हां स्नान सकाळीं उरकावें, किंवा बादली आधीं भरून सांवलींत ठेवावी. शेजारीं मंगल कार्यालय आहे का, आणि आठवड्याचा बाजार कोणत्या दिवशीं भरतो, हे दोन प्रश्न लाज न बाळगतां विचारावेत. आणि अंतर विचारावें तें किलोमीटरांत विचारूं नये, “दुपारीं दोन वाजतां येथून तेथें जाण्यास किती वेळ लागतो, आणि वाहन मिळतें का?” असें विचारावें. हॉटेलाच्या पाटीवर अंतर लिहिलेलें असतें तें पहांटेचें असतें.

ह्या चौकशींत एक प्रश्न स्वतःकरितां नसून दुसऱ्याकरितां आहे. मोटारीचा चालक झोपणार कोठें? मालक थंड खोलींत आणि चालक तापलेल्या मोटारींत, अशी व्यवस्था कित्येक ठिकाणीं गृहीत धरलेली असते. त्यांत माणुसकीची वाण तर आहेच. पण साध्या स्वार्थाचीही वाण आहे. रात्रभर डोळा न लागलेल्या त्याच चालकाच्या हातीं दुसऱ्या दिवशीं साऱ्या कुटुंबाचा जीव असतो. ज्या हॉटेलांत चालकाला पंखा, पाणी आणि आडवें होण्यापुरती जागा मिळते, तें हॉटेल इतर बाबतींत दोन पायऱ्या खालचें असलें तरी निवडावें.

दुसरा असाच प्रश्न पाण्याचा. कालव्याखालच्या गांवांत ऊंस डोलत असतां, त्याच बारामती तालुक्याच्या सुप्याकडच्या जिराईत गांवांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. इंदापुराचीही कांहीं गांवें ह्याला अपवाद नाहींत. पाहुण्यानें ह्या गोष्टीचें दुःख मानून उपाशी राहावें असें कोणी म्हणत नाहीं; परंतु नळ सोडून ठेवून दांत घासणें आणि रोज धुतलेल्या चादरीचा आग्रह धरणें, ही ह्या भूमींत ऐपतीची खूण नव्हे, अजाणतेपणाची आहे. जें हॉटेल स्नानाचें पाणी बागेला वळवितें आणि पावसाचें पाणी गच्चीवरून जमिनींत जिरवितें, तेथली हिरवळ पाहून आनंद मानावा. इतर ठिकाणची हिरवळ पाहून ती कोणाच्या घागरींतून आली, असा विचार मनांत यावा.

हें भाषण ऐकणाऱ्यांपैकीं कांहींजणांचा व्यवसायच हॉटेलचा असेल. त्यांना जागा हलवितां येत नाहीं हें खरें. पण जागेचा दोष कमी करतां येतो. दवाखान्याकडे व स्थानकाकडे ठराविक वेळीं जाणारी एक गाडी, फाटकापासून दारापर्यंत दोन कडुलिंब, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून पडदे, आणि दूरवरून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या चढाव्या न लागतील अशी तळमजल्यावरची एक खोली, एवढ्यानें खर्च फार वाढत नाहीं. संगमरवरी दिवाणखान्यापेक्षां ह्या चार गोष्टी पाहुण्याच्या अधिक काळ स्मरणांत राहतात.

सारांश, उष्ण आणि गजबजलेल्या गांवीं मुक्काम निवडतांना आधीं आपलें काम कोठें आहे तें पाहावें, मग दुपारची वाट पाहावी, मग सांवली, पाणी आणि झोप पाहावी. आणि हें सर्व जुळल्यावर पैसे उरले तर थाट अवश्य घ्यावा. थाटाला कोणाचा विरोध नाहीं. परंतु क्रम उलटा झाला, कीं मनुष्य भाडें खोलीचें भरतो आणि दिवस रस्त्यावर काढतो. वारकरी पंढरीच्या वाटेवर दरसाल ह्याच मातींत उतरतो. त्याच्याजवळ एक पडशी, एक वाकळ आणि एक तांब्या असतो. तरी रात्रीं तो गाढ झोंपतो, कारण उद्यांची वाट त्याच्या मुक्कामापासूनच सुरू होते.